वसईच्या वाडीतील गुलाब : साचलेले पाणी, मचूळ पाणी आणि जोपासनेचा विचार

प्रास्ताविक

गुलाब हे मूलतः समशीतोष्ण प्रदेशातील झुडूप होय. आज बागांतून दिसणाऱ्या टपोऱ्या फुलांच्या संकरित जातींचे बहुतेक पूर्वज चीन, पश्चिम आशिया आणि युरोप येथील आहेत. थंडीत विश्रांती घ्यावी आणि वसंतात नव्याने फुटावे, ही त्यांची मूळ प्रकृती. उत्तरेस वैतरणेची खाडी, दक्षिणेस वसईची खाडी आणि पश्चिमेस अरबी समुद्र अशा सीमांत वसलेल्या वसई-विरारच्या सखल पट्टीत ही प्रकृती जुळावी असे फारसे काही नाही. येथे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, उरलेले आठ महिने झाड मुख्यतः विहिरीच्या पाण्यावर जगते आणि हवेतील दमटपणा बाराही महिने पाठ सोडत नाही. असे असूनही वसईच्या पश्चिम पट्ट्यातील वाड्यांतून मोगरा, सोनचाफा, तगर, जास्वंद यांच्या सोबतीने गुलाबही लावला गेला. पहाटेच्या लोकलने दादरच्या फूलबाजाराकडे निघालेल्या वसईकर स्त्रिया हे पश्चिम रेल्वेवरील परिचित दृश्य आहे. वाडीखेरीज घराचे अंगण, चर्चचे व देवळाचे आवार, नव्या इमारतींचे सज्जे आणि महाविद्यालयांची प्रांगणे येथेही गुलाबाची हौस टिकून आहे.

या परिसरात गुलाबाचे झाड गेले म्हणजे दोष पावसाला, वाऱ्याला किंवा किडीला दिला जातो. प्रस्तुत लेखात मांडावयाचा मुद्दा थोडा निराळा आहे. चांगले रुजलेले गुलाबाचे झुडूप पहिला तडाखा पुष्कळदा सोसते, आणि दगावते ते त्यानंतरच्या घाईच्या उपचाराने. मुळाशी पाणी साचले, पाणी खारट झाले किंवा पाणी मुळीच मिळाले नाही, तरी पाने एकाच रीतीने माना टाकतात. बाहेरून दिसणारी खूण एक आणि कारणे मात्र परस्परविरोधी, अशी ही अवस्था आहे. माळी, गृहिणी किंवा प्राध्यापक, कोणीही असो, कोमेजलेले झाड पाहताच त्याचा हात प्रथम झारीकडे जातो. तिन्हींपैकी एकाच प्रसंगी हा उपाय योग्य ठरतो.

मुळांचा श्वास

पाण्यात उभे असलेले झाड कोमेजावे हे वरकरणी विपरीत वाटते. मुळे पाणी शोषतात ती केवळ स्पंजासारखी नव्हे. त्यांच्या जिवंत पेशींना या कामासाठी ऊर्जा लागते आणि ती ऊर्जा श्वसनातून, म्हणजे मातीच्या पोकळ्यांतील प्राणवायूतून मिळते. या पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायूचा पुरवठा जवळजवळ थांबतो, कारण हवेच्या तुलनेत पाण्यातून प्राणवायूचा प्रसार सुमारे दहा हजार पटींनी मंद असतो. गुदमरलेल्या मुळांची पाणी ओढण्याची क्षमता घटते आणि भोवती पाणीच पाणी असताना झाड तहानेने वाकते. अशा वेळी खालची पाने आधी पिवळी पडून गळतात, माती उकरली असता कुजकट वास येतो आणि मुळांची साल बोटांनी ओढताच सुटून येते.

९ आणि १० जुलै २०१८ या दोन दिवसांत वसई-विरारने याचे मोठे उदाहरण पाहिले. नालासोपारा स्थानकात रुळांवर पाणी चढून रेल्वेवाहतूक बंद पडली, वीजपुरवठा खंडित झाला, वसई पूर्वेकडील मिठागरांच्या वस्तीत माणसे अडकून पडली. पुराच्या कारणांचा शोध घेण्याचे काम पुढे महानगरपालिकेने आयआयटी मुंबई आणि नीरी या संस्थांकडे सोपविले. माणसांच्या हालांपुढे फुलझाडांची कथा ती काय. तथापि ज्यांचा चरितार्थ फुलांवर आहे त्यांच्या दृष्टीने वाफ्यात साचलेले पाणी ही गौण बाब नव्हे. वीज नाही म्हणजे पंपही नाही, आणि भरतीच्या वेळी खाडीकडे जाणारे नाले पाणी स्वीकारत नाहीत. अशा स्थितीत वाफा मुळातच उंच असेल तरच गुलाब वाचण्याची शक्यता राहते. म्हणून या पट्टीत गुलाब आळ्यात न लावता जमिनीपासून निदान वीतभर उंच गादीवाफ्यावर लावणे आणि दोन वाफ्यांमधील चर पावसाळ्यापूर्वी मोकळे करणे हे बाकी सर्व उपचारांपेक्षा महत्त्वाचे आहे. पुस्तकांतून सांगितलेले खोल आळे हे कमी पावसाच्या, कोरड्या मुलखातील मळ्यांसाठी ठीक. कोकणात तेच आळे जुलैमध्ये डबके होते.

पाणी ओसरल्यावर काय करावे, यापेक्षा काय करू नये हे आधी सांगितले पाहिजे. खत घालू नये. दुखावलेली मुळे खत घेऊ शकत नाहीत आणि रासायनिक खत हे शेवटी एक क्षारच असल्याने ते मातीतील पाण्याची तीव्रता वाढवून उरलीसुरली मुळेही जाळते. झाड उपटून दुसरीकडे लावू नये. हिरव्या फांद्या छाटू नयेत. पानांवरील गाळ स्वच्छ पाण्याने धुवावा, मातीवर बसलेला थर खुरप्याने हलकेच फोडून हवा खेळती करावी आणि दोन-तीन आठवडे वाट पाहावी. फांदीला नखाने ओरखडा दिल्यास आत हिरवे दिसते तोवर ते झाड जिवंत आहे. नवे डोळे फुगू लागल्यावर मेलेला भाग कोणता, हे झाड स्वतःच दाखवून देते.

जाता जाता एका रानगुलाबाचा उल्लेख येथे करणे योग्य होईल. रोझा क्लायनोफायला नावाची एक जाती भारताच्या उष्ण, पाणथळ प्रदेशांत, विशेषतः बंगालकडील नदीकाठांवर आढळते आणि पावसाळ्यात तिची झुडपे पाण्यात उभी राहूनही तगतात. कोडाईकनाल येथील गुलाब-संकरक एम. एस. विराराघवन यांनी ही जाती आणि ईशान्येकडील रोझा जायगँटिया यांचा उपयोग करून उष्ण हवामानास साजेसे गुलाब निर्माण करण्याचा उद्योग केला. त्याआधी भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक डॉ. बेंजामिन पिअरी पाल यांनीही भारतीय हवामानासाठी अनेक जाती तयार केल्या होत्या. युरोप-अमेरिकेत घडलेल्या जातींवर आपली सारी फुलबाग उभी असताना हे दोन प्रयत्न अधिक परिचित असावयास हवे होते. रोपवाटिकांत आजही गिऱ्हाईक फुलाचा रंग विचारते. खुंट कोणता आणि झाड कोणत्या हवेसाठी घडविले आहे, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो.

मचूळ पाणी

पूर दिसतो, वादळ ऐकू येते. वसईच्या गुलाबावरील तिसरे संकट मात्र न दिसणारे आहे आणि त्याचा विस्ताराने विचार करणे अवश्य आहे.

समुद्रकाठच्या जमिनीखाली पावसाचे मुरलेले गोडे पाणी हे खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची घनता १.००० धरल्यास समुद्राच्या पाण्याची सुमारे १.०२५ भरते. या अल्पशा फरकावरून डच अभियंता बाडोन घायबेन आणि जर्मन संशोधक हर्झबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्याच्या आरंभी स्वतंत्रपणे एक नियम मांडला. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर सपाटीखाली सुमारे चाळीस मीटरपर्यंत गोडे पाणी असते. नियम सोपा आहे, परंतु त्याची उलट बाजू धोक्याची आहे. वरची पातळी उपशाने एक मीटरने खाली गेली तर, समतोल साधेपर्यंत, खालचे खारे पाणी चाळीस मीटर वर सरकू पाहते. जमिनीची रचना सर्वत्र एकसारखी नसल्याने प्रत्यक्षात हे गणित इतके नेमके उतरत नाही. दिशा मात्र हीच राहते.

या पार्श्वभूमीवर वसईतील जुनी जलव्यवस्था पाहिली म्हणजे तिचे मर्म ध्यानात येते. वाडीत विहीर असे आणि विहिरीवर बैलाने फिरणारा रहाट असे. रहाटाने येणारे पाणी थोडे आणि सावकाश येई, त्यामुळे विहिरीतील झऱ्यांना भरून येण्यास अवधी मिळे. वस्तीच्या आसपास खणलेली बावखले, म्हणजे पावसाचे पाणी धरून ठेवणारी लहान तळी, हे पाणी जमिनीत मुरवून विहिरींचा साठा राखीत. बावखल हे केवळ गुरे धुण्याचे वा मासे पाळण्याचे ठिकाण नव्हते. भूगर्भातील खाऱ्या पाण्याला खाली दाबून धरणारे ते वजन होते, असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही. पुढे विजेचे पंप आले, विहिरींना बोअरची जोड मिळाली, वस्ती वाढली. २०११च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. मधल्या काळात टँकरने होणारा विहिरींचा उपसा आणि हिरव्या पट्ट्यावरील बांधकाम यांविरुद्ध हरित वसई संरक्षण समितीने फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली आंदोलन उभारले. त्याची आठवण पर्यावरणाच्या चळवळी या सदरात काढली जाते. फुलझाडांच्या संदर्भात ती निघत नाही, याचे नवल वाटते.

गुलाब हे क्षारांच्या बाबतीत हळवे झाड समजले जाते. मातीतील पाण्यात क्षार वाढले की ते पाणी मुळांना ओढून घेणे अधिकाधिक कठीण होते. माती ओली, तरी झाड तहानलेले. शिवाय सोडियम आणि क्लोराइड हे पानांच्या कडांशी साठत जातात आणि जुन्या पानांच्या कडा तपकिरी होऊन करपतात. कुंडीच्या काठावर वा मातीच्या पृष्ठावर पांढरी पुटे दिसू लागतात. एप्रिल-मे महिन्यांत हे चित्र दिसताच उन्हाने पाने जळली असा समज होतो आणि त्याच विहिरीचे पाणी सकाळ-संध्याकाळ दिले जाते. उन्हात पाण्याची वाफ होते, क्षार मात्र मागे राहतात. अशा रीतीने प्रत्येक झारीगणिक वाफ्यात मीठ साठत जाते. प्राचार्यांच्या दालनासमोरील गुलाबाचा वाफा सर्वांत काळजीने शिंपला जातो आणि सर्वांत आधी जातो, यात या दृष्टीने आश्चर्य काही नाही.

खरी तहान ओळखण्याची खूण वेगळी असते. पाणी कमी पडलेल्या झाडाचे कोवळे शेंडे दुपारी लवतात आणि पाणी दिल्यावर किंवा रात्र उलटल्यावर सकाळी पुन्हा ताठ होतात. सकाळीही लवलेलेच असतील आणि माती बोटभर खोल ओली असेल, तर झारी खाली ठेवावी.

मचूळ पाण्यावर वैयक्तिक उपाय आहेत, पण ते मर्यादित आहेत. थोडे थोडे पाणी रोज देण्यापेक्षा काही दिवसांच्या अंतराने भरपूर द्यावे, म्हणजे क्षार मुळांच्या थराखाली धुऊन जातात. अर्थात निचरा चांगला असेल तरच. नळाचे गोडे पाणी मिळत असल्यास निदान आठवड्यातून एकदा ते द्यावे. पेंढा, नारळाचा काथ्या किंवा वाळलेल्या पानांचे आच्छादन केल्यास पृष्ठभागावरील बाष्पीभवन घटते आणि त्याबरोबर क्षारांचे वर येणेही. जिप्सम वापरण्याचा सल्ला वारंवार दिला जातो. जिप्सममधील कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटलेल्या सोडियमला सोडवते हे खरे, परंतु सुटलेले सोडियम वाहून नेण्यास गोडे पाणी लागतेच. नुसते जिप्सम पसरून मचूळ पाणी देत राहणे निष्फळ होय. शेवटी हे काम निसर्गाचा पहिला पाऊसच नीट करतो, आणि जो पाऊस पुढे मुळे गुदमरवणार आहे तोच जूनमध्ये वाफ्यातील मीठ धुऊन काढतो.

पानांवरील रोग

यासंबंधी पुष्कळ लिहिले गेले असल्याने येथे थोडक्यात. काळ्या ठिपक्यांच्या रोगाच्या बीजाणूंना रुजण्यास पान सुमारे सात तास सलग ओले राहावे लागते. कोकणात पावसाळाभर ही अट विनासायास पूर्ण होते. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये गुलाब निष्पर्ण झाला तर हबकून जाण्याचे कारण नाही. गळलेली पाने मात्र रोजच्या रोज वेचून वाडीबाहेर न्यावीत. भुरीला पाण्याच्या थेंबाची गरज नसते. डिसेंबर-जानेवारीतील उबदार दिवस, गार रात्री आणि दमट हवा तिला पुरते. त्यासाठी दाट लागवड टाळणे हा फवारणीहून स्वस्त उपाय आहे. नारळी-केळींची सावली आणि आता बहुमजली इमारतींची सावली यांमुळे दिवसाचे पाच-सहा तासही ऊन न मिळणाऱ्या झाडाला कोणतेही औषध तारू शकत नाही.

छाटणीचा काळ

महाराष्ट्रात गुलाबाची मुख्य छाटणी पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास करतात आणि तेथून साधारण ४५ ते ५० दिवसांनी फुले येतात. वसईच्या फूलबागायतदाराला हा हिशेब विशेष महत्त्वाचा, कारण नाताळ, त्यानंतरचा लग्नांचा मोसम आणि मार्गशीर्षातील गुरुवार अशी मागणी एकापाठोपाठ येते. नाताळाला फूल हवे तर नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सिकेटर चालविले पाहिजे.

धोका आहे तो छाटलेल्या तोंडाशी. फांदीच्या ताज्या जखमेतून बुरशी शिरते आणि फांदी शेंड्याकडून खाली काळी पडत जाते. शेंडेमर या नावाने हा रोग परिचित आहे आणि तो मुख्य खोडापर्यंत उतरला तर झाड हाती लागत नाही. हवा कोरडी असताना हे भय कमी. पण परतीचा पाऊस रेंगाळला किंवा अवेळी वादळ आले तर सारा हिशेब उलटतो. ११ नोव्हेंबर २००९ रोजी फयान चक्रीवादळ अलिबाग आणि मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर आले, ते नेमके छाटणीनंतरच्या दिवसांत. अशा पावसाचा अंदाज असेल तर छाटणी आठवडाभर पुढे ढकलावी. फुले थोडी उशिरा येतील, परंतु झाड राहील. छाटणी झालीच असेल तर तोंडांना बोर्डो पेस्ट लावावी. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि दहा लिटर पाणी हे तिचे प्रमाण आहे. मोरचूद आणि चुना प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावेत. मिश्रणात लोखंडी सुरीचे पाते बुडवून पाहावे, त्यावर तांबूस पुट चढल्यास चुना आणखी घालावा. चुन्यात कंजुषी केल्यास मोकळे राहिलेले तांबे कोवळी फूट जाळते.

छाटताना आणखी एक दक्षता घ्यावी लागते. डोळा भरलेल्या जागेच्या खालून निघणारी फूट ही खुंटाची असते. पुरानंतर किंवा शेंडेमरीनंतर वरचे कलम मेलेले असताना ती जोमाने वाढते आणि झाड सावरले असा भ्रम निर्माण करते. पुढे लहान, एकेरी, भलत्याच रंगाची फुले आली की उलगडा होतो. तोवर वर्ष गेलेले असते.

वादळ आणि बाजार

१७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबई आणि पालघरच्या किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकत गेले. अशा वादळानंतर समुद्राकडील बाजूची पाने करपलेली आणि विरुद्ध बाजूची हिरवी राहिलेली दिसतात, कारण वाऱ्याबरोबर उडालेले खारे तुषार एकाच बाजूस बसतात. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पाने गोड्या पाण्याने धुतली तर पुष्कळ हानी टळते. वाऱ्याने हललेल्या झाडाच्या बुंध्याशी मातीत पोकळी पडते, तेथे माती दाबून आधाराची काठी द्यावी. एवढे केले की उरते ते वाट पाहणे.

हवामानाशी संबंध नसलेले संकट त्याआधी वर्षभर येऊन गेले होते. २३ मार्च २०२० पासून उपनगरी रेल्वे बंद झाली, मंदिरे आणि चर्च बंद झाली, लग्ने लांबली. फूल तयार आणि बाजार नाही, अशी स्थिती उद्भवली. अशा वेळी फुले झाडावरच सोडून देण्याचा मोह होतो. पण उमललेले फूल खुडले नाही तर झाड आपली शक्ती फळ आणि बी धरण्याकडे वळविते आणि नवी फूट मंदावते. न विकली जाणारी फुलेही खुडावी लागतात आणि ती मजुरी बागायतदाराच्या अंगावर पडते. सोनचाफा किंवा जास्वंद यांच्या तुलनेत गुलाब इथे महाग पडतो. त्यातच तळेगाव दाभाडे परिसरातील हरितगृहांतून येणाऱ्या लांब दांड्याच्या गुलाबाशी वसईच्या उघड्या वाडीतील सुट्या फुलाची स्पर्धा होऊच शकत नाही. वाडीतील गुलाबाचे गिऱ्हाईक हार, वेणी आणि पूजा हेच राहिले आहे.

विहिरीची नोंद

कोणत्या विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात गुलाबाला चालेल, हे चवीवरून सांगणारी जुनी माणसे आहेत. तथापि जिभेला मचूळपणा कळतो तेव्हा गुलाबाला तो बराच आधी कळलेला असतो. पाण्याची विद्युतवाहकता मोजणारे साधन बहुतेक विज्ञान महाविद्यालयांच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत असतेच. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या सिंचनविषयक मार्गदर्शिकेनुसार ही वाहकता दर मीटरला ०.७ डेसिसीमेन्सपेक्षा कमी असल्यास पाणी निर्धोक, ०.७ ते ३ यांच्या दरम्यान असल्यास सावधगिरीने वापरावयाचे आणि ३च्या वर असल्यास त्याच्या वापरावर कडक निर्बंध आवश्यक समजावेत. गुलाबासारख्या हळव्या झाडाबाबत मधल्या टप्प्याच्या आरंभीच जागे व्हावे लागते. फेब्रुवारी ते जून प्रत्येक महिन्यात एकदा, आपल्या आवारातील आणि जवळच्या दोन-चार वाड्यांतील विहिरींचे पाणी बाटलीत भरून आणले, तर पदवीच्या विद्यार्थ्यांचा एक तासिकेचा प्रयोग होतो. बाटलीवर विहिरीचे ठिकाण, तारीख, पंप किती तास चालला आणि जवळचे बावखल भरलेले आहे, आटलेले आहे की बुजविलेले आहे, एवढे लिहावे. नमुना घेण्यापूर्वी पंप दहा मिनिटे चालू ठेवावा, म्हणजे नळीत साचलेले पाणी निघून जाऊन विहिरीतील ताजे पाणी बाटलीत येते.